उंबऱ्यापुढचं झाकण

।। श्री ।।
कंपू, ग्वाल्हेर
भाद्रपद वद्य चतुर्थी

माणूस गटारात उतरवायचं तू कुणाला विचारून ठरवलंस? घर तुझ्या नावावर केलं म्हणून दारातल्या माणसाचा जीवही तुझ्या नावावर लागला काय?

चि. पुष्करला आजीचे अ. उ. आशीर्वाद. दुसरीत शाळा सुटलेल्या हाताचं अक्षर वाकडं येणार, तू मान वाकडी करून वाच. फोन करत नाही. फोनवर तू हां आजी, हां आजी करतोस आणि लक्ष दुसरीकडे ठेवतोस.

काल सकाळी देवाची फुलं आणायला बाहेर पडले, तर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण उघडं आणि जमिनीतून एका माणसाचं डोकं वर आलेलं. मला वाटलं कुणी पडलं. ओरडले, तर ते डोकंच मला म्हणतं, अम्मा, बाजूला व्हा, काम करू द्या. पन्नालाल. कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या बायकोच्या हातात. शेजारचे दौलतसिंह नाकाला रुमाल लावून हुकूम सोडत होते. मी जाब विचारला, तर म्हणाले, तुमच्याच पुष्करचा फोन होता, नवरात्राला घरी येतोय, त्याआधी गटार साफ पाहिजे.

मी पन्नालालची कॉलर धरली आणि तो वर येईस्तोवर सोडली नाही. वर आल्यावर माझ्यावरच उखडला, की तुम्ही माझं काम घालवलं. मग चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणाला, ती घातली.

नगर निगमची गाडी मागाहून येऊन गेली. कोपऱ्यातून नळी घालून पाहिली, पण अडलंय आपल्या घराच्या बाजूला. तुमच्या घराचं चेंबर दाखवा म्हणाले. तुझ्या बापाने, गोविंदाने बांधलेलं ते नळाजवळ होतं. तू ओटा वाढवलास तेव्हा मी उज्जैनला, तुझ्या सुमनआत्याकडे. आता तिथे फरशीच फरशी. मालक जागा सांगेल तिथे फोडू म्हणून ते निघून गेले. इथे मोरीतून घाण वर येते आणि मी ती बादलीने उपसते. चेंबर कुठे आहे ते तेवढं कळव.

जेवत जा. राग आहे, पण माया आटलेली नाही.
तुझी आजी, सरोजिनी

पुणे
१५ सप्टेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू पन्नालालची कॉलर धरलीस हे वाचून श्रुतीला हसू आवरेना, म्हणाली, आजींना निगमातच नोकरीला लावा. पण तू इतकी परेशान नको होऊस. पन्नालाल वर्षानुवर्षं हेच करतो, त्याला आदत आहे. गल्लीत सगळेच त्याला बोलावतात. थोड्या वेळाचं काम असतं, उतरला, बांबूने ढकललं, वर आला. निगमच्या भरवशावर बसलो तर घट बसायचे राहतील. श्रुतीचे आईबाबा आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्याकडे येताहेत, त्यांना दारात ती दुर्गंधी कशी दाखवू?

चेंबरचं म्हणशील तर ओटा वाढवताना ते सरकवलं, आता नव्या ओट्यात आहे, अगदी उंबऱ्यासमोर. दारातच लोखंडी झाकण चांगलं नव्हतं दिसत, म्हणून वरून फरशी बसवून घेतली. तू रांगोळी काढतेस ना, बरोब्बर तीच जागा. पण आजी, प्लीज ती फोडायला लावू नकोस. तो रंग आता बाजारात मिळत नाही, तुकडा जोडला तर ठिगळ दिसेल. म्हणून तर कोपऱ्यातून माणूस उतरवायला सांगितलं होतं. दौलतसिंहकाकांशी पुन्हा बोलतो. तू फक्त मध्ये पडू नकोस.

गुडघ्याला तेल लाव. श्रुतीचा नमस्कार. तुझ्या रागातसुद्धा माझी जागा राहू दे.
तुझा पुष्कर

।। श्री ।।
कंपू
सर्वपित्री अमावस्या

फरशीसाठी? अरे, फरशीसाठी?

तुझं पत्र वाचलं, आणि चुकून काही दुसरं वाचलं असेल म्हणून परत वाचलं. आशीर्वाद खाली आहेत, तिथवर पोचलास तर घे.

म्हणजे चातुर्मास लागल्यापासून मी गटाराच्या तोंडावर गोपद्मं काढत होते. हळदकुंकू वाहत होते. ते मी गिळलं. देवाला नाक असलं तर त्यानेही गिळलं असेल. पण चेंबर कुठे आहे हे तुला ठाऊक होतं, नळी कुठून घालायची ते ठाऊक होतं, आणि तरी फरशीला चरा नको म्हणून तू माणूस उतरवत होतास. हे कसं गिळू ते सांग.

फरशी फोडली. पहिला घाव मीच खलबत्त्याच्या बत्त्याने घातला, तिला काही झालं नाही, मग गवंड्याने फोडली. झाकण निघाल्याबरोबर निगमच्या माणसांनी आम्हाला सगळ्यांना गल्लीपार हाकललं. आत विषारी वायू कोंडला होता. कोपऱ्यातून सरकत कुणी इथवर आला असता तर बांबूसकट आतच राहिला असता, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. दौलतसिंहांनी रुमाल खिशात ठेवला आणि घरात गेले. पन्नालाल बघायला आला होता, तो गल्लीपलीकडच्या पायरीवर बसला तो उठेचना.

मग गाडीने ओढून काढलं. काय निघालं सांगू? सिमेंटचे गोळे, आणि त्याच तुझ्या फरशीचे तुकडे. तुझ्या गवंड्यांनी उरलेलं सगळं आतच लोटून वर झाकण लावलं होतं.

आता दारात लोखंडी झाकण आहे आणि ते तसंच दिसणार. रांगोळी मी त्याच्या बाजूने काढीन. व्याह्यांना सांग, नीट ओलांडून या.

एक राहिलं. पन्नालालची बायको जाताना माझ्यापाशी थांबली. रडली नाही, भांडली नाही. तिने विचारलं, की अम्मा, मी दोरी ओढली असती आणि तो वर आला नसता, तर पुष्करभैयांनी मला काय सांगितलं असतं? मी म्हटलं, विचारून सांगते.

आशीर्वाद.
आजी

ता. क. याचं उत्तर तू लिहायचंस. श्रुतीने नाही, दौलतसिंहांकडून निरोप नाही, फोन नाही. आणि मला नाही, तिला लिही. तिला वाचता येत नाही. घटस्थापनेला येशील तेव्हा ते तिच्यासमोर उभा राहून तूच वाच.