ताट कोलूसमोर येईल तेव्हा

२९ मार्च १९९८, रविवार

आज पहाटे स्वतःच्या झाडाखालची मोहाची फुलं वेचायची सोडून शेजारच्या कोलूच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. जमीन लख्ख झाडलेली. फुलं दिसावीत म्हणून सारे खालचा पाला जाळतात; यंदा त्यानं जाळला नाही, टोपल्यात भरून लांब नेऊन टाकला. नवल वाटलं.

वारलूबुवा बकऱ्या घेऊन चालले होते. थांबले.

"काऊन बे डोमा, काय पाह्यतं? इथूनच गेली होती आग."

"कोणती?"

"तुह्या गोठ्याची! कोलूनं पाला पेटवला अन् बाजाराले निंगून गेला. साऱ्या गावाले ठाऊक आहे. तुलेच नाई?"

मलाच नाही! गेल्या वर्षी कोलू भर सभेत म्हणाला होता — वणवा बांबूच्या रानातून आला. मी मान डोलावली होती. सोमारी, माझी बायको, बैल सोडायला पेटलेल्या गोठ्यात शिरली. बैल वाचले. ती चंद्रपूरच्या दवाखान्यात नऊ दिवस जगली. तिची कबर खणायला पहिली कुदळ कोलूनंच मारली. मी त्याला पाणी पाजलं होतं.

३१ मार्च

मोहाखाली पाला पेटवला की विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. आमच्याकडे रांगतं पोरही हे जाणतं.

त्याच्या मोहाची साल कुऱ्हाडीनं गोल सोलली तर झाड उभ्या उभ्या मरेल. दोन दिवस हेच डोक्यात. पण झाडानं काय केलं?

२ एप्रिल

सुचलं!

आमच्या ख्रिस्ती देवळाचे पाळकसाहेब भद्रावतीहून वर्षातून दोनदा येतात, नाताळला आणि ईस्टरला. तेव्हाच प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला. आशीर्वाद ते मागतात, पण भाकरीचं ताट ओळीतून फिरवतो मी, मंडळीचा पंच. आणि आमची जुनी रीत आहे — ज्यानं पाप लपवलं, त्याच्यासमोर ताट थांबत नाही. कबूल केलं तर थांबतं. माझ्या हयातीत एकदाच एकाला चुकवलं. तो महिन्याभरात गाव सोडून गेला.

शिवी नाही, काठी नाही. कोलू हात पुढे करील. मी पुढे जाईन.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शिंदीच्या फांद्या घेऊन गावातून फिरलो. कोलू सर्वांत पुढे, गळा फाटेपर्यंत होसान्नाचा जयजयकार! मनात म्हटलं, ओरड, सात दिवस राहिले.

ललिता म्हणाली, "बाबा, हासून काऊन राह्यले?" पोरीला वर्षानं बापाचे दात दिसले.

८ एप्रिल

झोप चांगली लागते आहे.

१० एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपास. येशूचं वधस्तंभावरचं क्षमेचं वचन वाचायची पाळी नेमकी माझी. वाचलं. आवाज चांगला लागला. आत काही हललं नाही.

दुपारी देवळाच्या पायरीवर बसून विचार केला. ईस्टर म्हणजे काय? मेलेला उठला, एवढंच? उठल्यावर तो चाळीस दिवस इथं होता. चाळीस दिवसांत, ज्यानं मरणाची शिक्षा दिली त्या पिलाताच्या दारी जायला त्याला एक दिवस मिळाला नाही? खोटी साक्ष दिली त्यांच्याकडेही गेला नाही. मी असतो तर पहिल्या सकाळी तिथंच! हाताची भोकं दाखवली असती, घाम फुटलेला बघितला असता. आणि तो गेला कुणाकडे? आपल्याला टाकून पळालेल्या शिष्यांकडे. तळ्याकाठी विस्तव पेटवून त्यांना मासे भाजून वाढले. ओळख नाकारली होती त्या पेत्रालासुद्धा!

पन्नाशीला आलो. दरवर्षी वाचतो. यंदा पहिल्यांदा पटलं नाही.

सोमारी जगाच्या शेवटल्या दिवशी कबरेतून उठेल, हे मी मानतो. तोवर मी काय करू?

११ एप्रिल, शनिवार

ललितानं प्रभुभोजनाच्या प्याल्यातल्या रसासाठी किसमिस भिजत घातलं. उद्याची तांदळाची भाकर तीच भाजणार.

दिवेलागणीला कोलू आला. अंगणात उभा, चपला हातात.

"डोमाभाऊ, मले काही सांगाचं होतं. वर्षभर तोंडाशी येऊन राह्यलं."

काय ते मला कळलं. आणि मी घाबरलो — हो, घाबरलोच! यानं कबूल केलं तर उद्या ताट थांबवावं लागेल.

"आज सवड नाही."

"भाऊ, उद्याच्या आधी सांगाचं आहे. दोन शब्दच फक्त..."

दार लावलं. कडी घातली. तो बराच वेळ तिथंच होता. मग पावलं गेली.

ललिता चुलीपासून उठली. "माफी मांगाले आला होता तो."

"माहीत आहे."

"मंग? तुमाले त्याची माफी नको. त्याची फजिती पाह्यजे! माही आई होती, बाबा. मले तरी आयकू द्याचं होतं."

ती जेवली नाही. मी जेवलो.

१२ एप्रिल, ईस्टर

ताट कोलूसमोर आलं. त्यानं हात पुढे केलाच नव्हता. ललिताचं कालचं बोलणं रात्रभर टोचत होतं; मी थांबलो. मंडळीला सांगितलं — हा काल कबुली द्यायला आला होता, ती ऐकावी लागू नये म्हणून मीच दार लावलं. मग त्याचा हात धरून त्यावर भाकर ठेवली. माफ केलेलं नाही, इथे खोटं कशाला लिहू! बाकीची ओळ संपवली, ताट पाळकसाहेबांच्या हाती दिलं, आणि मनात राग ठेवून कसं घेऊ म्हणून स्वतः न घेता बाहेर आलो.