पोटातलं पाणी हलू नये

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ता. १४ फेब्रुवारी १९८६

चि. चंद्रप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्त्यात तू अजून 'जि. उस्मानाबाद' लिहितोस. अरे, लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली. पोस्टमन मला विचारतो, बाई, तुमच्या भावाला नांदेडात कुणी सांगितलं न्हाई का म्हणून.

जिल्हा झाला, पण नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा. टँकरचा भोंगा वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळते, त्यात मीही. आणि अशा दिवसांत तुझ्या दाजींनी घरात काय आणलं असेल? मोटार! हैदराबादेत कुणा म्हाताऱ्या वकिलाच्या बंगल्यात पडून होती म्हणे, छप्पन सालची काळी जर्मन मर्सिडीज. आडतीवरचे लोक पेढे मागायला आले. मी म्हणाले, आधी ही धुवायला पाणी कुठून आणता ते सांगा.

बरं, गाडी धड असती तर गोष्ट वेगळी. मागून अशी बसलीय, जसं दारात कुत्रं बसावं. मागची चाकं दोन्हीकडं फाकलेली. खड्डा आला की खालून खाडखाड वाजतं. औशापर्यंत गेलो तर माझी कंबर चार दिवस धरली. जिल्ह्याच्या गावात आपण कुणीतरी आहोत हे दाखवायची हौस, दुसरं काय!

आपल्या शिवम्माला पाचवा महिना सरत आला. मुखेडच्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मागच्या दोन्ही वेळचं तुला ठाऊक आहे. जावईबापू शाळा सांभाळून तिचं सगळं करतात, पण पोर घाबरलेली आहे. आठव्यात तिला इकडं आणायचं ठरतंय.

तुझे दाजी माझ्यामार्फत विचारून राहिलेत, मागचे स्प्रिंग बदलावे की नुसते शॉकअप. स्वतः का लिहीत नाही म्हटलं तर भिंतीकडं बघतात. चार वर्षं तुम्ही दोघं बोलत नाही, आणि मी मधे पोस्टाची पेटी! काय ते लवकर कळव. दानम्माला आशीर्वाद. माया आहेच, ती मात्र त्या स्प्रिंगासारखी बसू देऊ नकोस.

तुझी अक्का,
नीलम्मा

---

नांदेड, ता. २३ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. अक्कास चंद्रप्पाचे शि. सा. न. वि. वि.

उस्मानाबाद मी मुद्दाम लिहितो. दाजींना नव्या जिल्ह्याचा लई अभिमान, म्हटलं थोडी खोड काढावी.

शिवम्माचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. दानम्मा रोज इष्टलिंग पूजेला बसते तेव्हा तिचं नाव घेते.

आता गाडीचं. दाजींना वाचून दाखव, मला त्यांना वेगळं काही म्हणायचं नाही. तीस वर्षांत स्प्रिंग थकलेत, शॉकअपमधलं तेल गळून गेलंय, रबरी बुशांचा भुगा झालाय. खाडखाड वाजतं ते तेच. सगळं खोलून चारी चाकांचं काम जोडीजोडीनं करावं लागेल. आणि एक गोष्ट रेघ मारून लिहितो: मागची बाजू उंच करायला स्प्रिंगखाली काहीही घालू नका. ट्रकला ते चालतं, कारण त्याचा मागचा एक्सल म्हणजे एक सरळ दांडा. हिच्या एक्सलला मधे सांधा आहे. दोन्ही चाकं घारीच्या पंखांसारखी वरखाली होतात. गाडी नको तेवढी उचलली की पंख लोंबतात, चाकांची बुडं आत वळतात. सरळ रस्त्यावर कळणारही नाही. जोरात वळण घेतलं की बाहेरचं चाक पोटाखाली दुमडेल आणि गाडी कलंडेल.

मी येऊन करून द्यावं असं तू लिहिलं नाहीस, पण मला ओळींच्या मधलंही वाचता येतं. नाही येणार, अक्का. शिवम्माच्या लग्नात मुखेडच्या वऱ्हाडाची बस जांबजवळ बंद पडली होती. तीन तास मी तिच्या खाली आडवा पडलो, तेव्हा वऱ्हाड मुहूर्ताला लातुरात पोचलं. पंगतीला बसलो तर दाजींनी माझी नखं पाहिली आणि चाळीस माणसांदेखत म्हणाले, ड्रायव्हर लोकांची पंगत मागं आहे. मी तीनदा हात धुतले होते, अक्का. गॅरेजवाल्याच्या नखांतलं ग्रीस निघत नाही. तसाच उठलो, ते नांदेड गाठलं.

घरी सगळ्यांना यथायोग्य नमस्कार. माझ्यावर रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
चंद्रप्पा

---

लातूर, ता. ११ मार्च १९८६

चि. चंद्रप्पास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, एकदा नाही, दोनदा. दाजी म्हणाले, दुरून त्याला काय कळतं. इथला भुजंग मिस्त्री ट्रॅक्टरच्या कामात वाकबगार आहे, त्याच्याकडं नेली. त्यानं मागच्या स्प्रिंगांखाली लोखंडी कडी घालून गाडी चार बोटं उंच करून दिली. चिखलातून लुगडं वर धरून चाललेल्या बाईसारखी दिसू लागली. दाजी खूश. मी म्हणाले, चंद्रप्पानं रेघ मारून लिहिलंय. तर म्हणाले, रेघा मारायला काय लागतं.

काल रेणापूरला गेले, एकटेच. येताना समोर शेरडं आली म्हणून वळणावर चाक गरकन फिरवलं. गाडी मागून उचलली आणि शेतात जाऊन आडवी झाली. तू लिहिलं होतंस, अगदी तसंच. रानात पीक नाही, माणूस नाही, नुसत्या भेगा. चार पावलांवर बिनकठड्याची विहीर होती. उजवा हात मनगटापासून मोडलाय, प्लास्टर घातलंय, बाकी ईश्वराची कृपा.

मला रडायचं होतं. पण आधी तुझं पत्र त्यांच्या उशाशी नेऊन तिसऱ्यांदा वाचलं.

जास्त काय लिहू? जपून राहा. तुझ्या घरी निदान एक तरी शहाणा आहे, यातच समाधान मानते.

तुझी अक्का,
नीलम्मा

---

लातूर, ता. १९ मार्च १९८६

रा. रा. चंद्रप्पा यांस नागप्पाचा स. न. वि. वि.

(हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे सांगतात आणि मी लिहिते. कंसातलं माझं. 'रा. रा.' मेहुण्याला कुणी लिहीत नाही हे मी सांगितलं, ऐकलं नाही.)

पत्रास कारण की, वाहनास किरकोळ अपघात झाला. (किरकोळ! छत पिचलंय.) आपण दिलेला सल्ला योग्य होता, असे निदर्शनास आले आहे. (मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, असं लिहायचं असेल तर कलेक्टर कचेरीतला कारकून बोलवा. मग पहिल्यापासून सांगायला लागले. आता म्हणतात तसंच लिहिते.)

चंद्रप्पा, लग्नात मी चुकलो. वऱ्हाड तू आणलंस हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच दिवशी नांदेडला यायला पाहिजे होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. महिना गेला तशी लाज वाटायला लागली, वर्ष गेलं तशी लाजेचीच सवय झाली. तुला उपाशी उठवलं, हे मी विसरलेलो नाही.

गाडी मी मिरवायला घेतली असं तुझी अक्का म्हणते. तिला म्हणू दिलं. दुसऱ्या वेळी शिवम्माला एस.टी.तून आणली, तेव्हा मी तिच्याशेजारी बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबत होती. डॉक्टर म्हणतात, प्रवासानं झालं असं काही नाही. पण मी बसलो होतो ना तिथं. हैदराबादचा एक व्यापारी म्हणाला, ही गाडी नीट असली तर आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलत नाही. म्हणून घेतली. घरात बोललो नाही, कारण या वेळीही काही झालं तर सगळ्यांना त्या गाडीकडं बघवणार नाही.

(मला हे आत्ता, लिहिताना कळतंय, चंद्रप्पा. याच घरात राहते मी! पाच आठवडे मी त्या गाडीवरून बोलून राहिले आणि हा माणूस ऐकून घेत बसला. आता मी यांचं काय करू, सांग.)

गाडी ट्रकवर घालून पाठवू का, तेवढं कळव. तू म्हणशील तसं.

आपला,
नागप्पा
(सही डाव्या हातानं केलीय, म्हणून उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते.)

---

नांदेड, ता. २० एप्रिल १९८६

ती. दाजींना चंद्रप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी गाडी पाठवा म्हणून तार केली आणि गॅरेज लवकर बंद केलं. एवढंच लिहितो. दानम्माला वाचून दाखवलं, तिला कंसातला मजकूर जास्त आवडला.

गाडीला महिना लागला. तुमच्या भुजंग मिस्त्रीची कडी पहिल्या दिवशीच काढून भंगारात टाकली. समोरची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांचे बुश झिजून अंडाकृती झाले होते, ते गनमेटलचे नवे लेथवर काढून घेतले. स्प्रिंगांसाठी हैदराबादच्या भंगार बाजारात तीन फेऱ्या झाल्या. याच जातीच्या पण मागून निघालेल्या गाडीचे चार मिळाले. त्यांची तार थोडी जाड आहे, पण उंची कंपनीनं ठेवली तेवढीच, एक बोट जास्त नाही. जुन्या बनावटीचे शॉकअप मिळेनात. मग जीपचे घेतले, त्यांना बसतील असे ब्रॅकेट स्वतः बनवले. पहिल्या जोडीनं गाडी बकरीसारखी उड्या मारू लागली. ते काढले, तेल बदललं, परत बसवले, परत काढले. दानम्मा म्हणते, बाळंतीण होऊन पोर शाळेत जाईल तरी तुमचा शॉकअप बसायचा नाही.

मागच्या सीटवर ज्वारीची दोन पोती टाकून आठ दिवस फिरवली. पण पोती बोलत नाहीत. म्हणून परवा दानम्माला मागं आडवी बसवली आणि खराब रस्ता शोधत इथं जवळच मुदखेडला गेलो. रेल्वे फाटकाशी थांबून विचारायला मागं वळलो, तर ही झोपलेली. आता दुसरं सर्टिफिकेट नको.

मुखेडच्या डॉक्टरांनी शिवम्माच्या प्रवासाला दोन मेची तारीख दिलीय ना? तुम्ही आदल्या दिवशी एस.टी.नं मुखेडला पोचा. मी गाडी घेऊन परस्पर येतो, तिथून सगळे लातूरला जाऊ. गाडी मी चालवणार. यावर चर्चा नाही.

हाताला जपा. आशीर्वाद असू द्या, सल्ले मात्र प्रवास संपेपर्यंत राखून ठेवा.

आपला,
चंद्रप्पा

ता. क. पाकिटावर 'जि. लातूर' लिहिलंय.

---

लातूर, ता. ४ मे १९८६

चंद्रप्पा,

मायना लिहायच्या मनःस्थितीत मी नाही. परवा सकाळपासून दारात डोळे लावून बसलेय. खोली सारवली, टँकरचं पाणी दोन पिंपं जपून ठेवलं, म्हाताऱ्या सासूबाईंना शेजारी निजायला पाठवून त्यांची खाट रिकामी केली. आज तार आली. काय आहे तारेत? 'गाडी उत्तम. नांदेडात आहोत. काळजी नको.'

गाडी उत्तम! गाडीला पोर होणार होतं का रे? लातूरला यायची माणसं नांदेडात काय करून राहिलीत? शिवम्मा कशी आहे? कोण काळजी नको म्हणतंय, ती, तू, की ते डाव्या हाताचे सहीवाले? चार वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत तेव्हा मी दोघांची पत्रं वाहिली. आता बोलायला लागलात तर दोघांना मिळून एक धड तार करता येत नाही. पोस्टमास्तर म्हणाले, बाई, काळजी नको म्हणतात म्हणजे नको. मी म्हणाले, तुम्ही आमच्या घरातल्या पुरुषांना ओळखत नाही.

सासूबाईंना दिसत नाही, एकटं टाकून निघता येत नाही. उलट टपाली लिही. स्प्रिंग हा शब्द आला तर पत्र फाडून टाकीन.

अक्का

---

॥ श्री ॥

नांदेड, ता. ६ मे १९८६

ती. सौ. आईस शिवम्माचा शि. सा. न. वि. वि.

आई, आधी हे वाच: मी बरी आहे, आणि तुला नात झाली आहे. तीन तारखेला सकाळी. पावणेदोन किलोची आहे, काचेच्या पेटीत दिव्याच्या उबेला ठेवलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, लवकर आली पण चिवट आहे. आता बस आणि बाकीचं सावकाश वाच.

तुझं रागाचं पत्र आत्ता आलं. मामांनी वाचलं, अप्पांच्या हातात दिलं, अप्पांनी माझ्या उशाशी ठेवलं, आणि दोघंही चहा प्यायला निघून गेले. म्हणून मीच लिहिते.

दोन तारखेला सकाळी मामा गाडी घेऊन दारात आले आणि तासाभरात माझं पोट दुखायला लागलं. अंगावरून थोडं जायलाही लागलं. तेव्हाचं तुला काय सांगू. मला वाटलं, झालं, परत तेच. डॉक्टर आले, म्हणाले लातूर लांब पडेल, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. दवाखान्याची जीप होती, पण जीपमधून नको म्हणाले. मग स्वतः मामांनी आणलेल्या गाडीत मागं बसले, दोन-चारदा अंग आपटून पाहिलं आणि म्हणाले, हिच्यातून न्या, पण हळू.

हे पुढं बसले. मी मागं आडवी, डोकं अप्पांच्या मांडीवर. मामा सारखं एकच बोलत होते, शिवम्मा, आता उतार आहे, आता डांबर संपतंय, आता मोरी आहे. मोठमोठे खड्डे गेले, पण मला वाटायचं कुणीतरी पाळणा हलवतंय. दुखणं होतंच, पण धक्का असा लागला नाही.

कंधारच्या अलीकडं मात्र रस्ताच नव्हता. दुष्काळी काम चालू आहे, मैलभर नुसती मोठी खडी पसरलेली. मामांनी गाडी थांबवली. म्हणाले, यावरून गाडी नेता येईल, पण पोरीला नेता येणार नाही. दुसरी वाट विचारली तर जो तो म्हणे न्हाई. मी डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात अप्पांनी माझं डोकं हळूच उचलून उशीवर ठेवलं आणि खाली उतरले.

थोड्या वेळानं खळखळ आवाज यायला लागला. मान वर करून बघितलं तर आपले अप्पा, पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, रस्त्यावर उकिडवे बसून चाकाच्या वाटेतले दगड एकेक करून बाजूला टाकत होते. प्लास्टर निघून आठ दिवस झालेले, आई. उजवा हात चालत नव्हता तर डाव्या हातानं. हेही उतरले. मामा गाडी वावभर पुढं घ्यायचे, थांबायचे.

खडी फोडणाऱ्या बाया बघत होत्या. त्यांच्यातली एक पुढं आली, सरजाबाई नाव. तिनं अप्पांना विचारलं, काय हरवलं वो मालक? अप्पांनी गाडीकडं नुसता हात केला. तिनं खिडकीतून मला पाहिलं, एकदा पोटाकडं बघितलं, आणि वळून ओरडली, बायांनो, हातोडे ठिवा, टोपली घ्या. चाळीस-पन्नास बाया असतील. दोन रांगा झाल्या, दोन चाकांच्या दोन वाटा. दगड उचलायचे, वर टोपल्यांनी मुरूम टाकायचा, की गाडी पुढं. मुकादम हजेरीचं बोलायला आला, तर सरजाबाई म्हणाली, लिव आमची खाडं. उन्हात त्या मैलभर आमच्यापुढं चालत होत्या. सरजाबाईनं स्वतःच्या कळशीतलं पाणी माझ्या तोंडात घातलं. त्यांचं पाणी कोसावरून येतं, हे मला नंतर यांनी सांगितलं.

पलीकडं डांबर लागलं. अप्पा त्यांना काही द्यायला लागले तर सरजाबाई रागावली. म्हणाली, लेकीपाशी बसा जावा, ऊन लई झालं.

अप्पा परत येऊन बसले आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांची बोटं फुटली होती. मी हातात हात घेतला तर म्हणाले, दुखलं तर दाब. मी म्हणाले, अप्पा, दुखत नाही. तसे खिडकीबाहेर बघायला लागले आणि लोहा येईपर्यंत तोंड इकडं केलं नाही.

तार मामांनी केली. अप्पांना अजून लेखणी धरवत नाही, आणि मामा म्हणतात, बाळाचं नक्की कळेपर्यंत बाळाचं लिहायला धीर झाला नाही. म्हणून गाडीचं लिहिलं. त्यांच्यावर फार रागावू नकोस. दानम्मामामी रोज डबा आणते आणि तुझ्या वाटचं दोघांना बोलते.

आज नर्सबाईंनी तिला पहिल्यांदा पेटीतून काढून माझ्या छातीशी दिलं. मी घट्ट धरायला भीत होते. नर्सबाई म्हणाल्या, धरा, धरा, ती काही मोडत नाही. तिनं तोंड इकडं तिकडं केलं, मग दूध ओढलं. तीन घोट. मी मोजले.

आजीला शेजारी सोपवून ये. माझ्यावर आहे तेवढीच माया तिच्यावर कर, जास्त केलीस तरी मी तक्रार करणार नाही.

तुझी,
शिवम्मा