सशाची हाक

लाडक्या ओल्वेन,

थोरल्या बहिणीचे तुला आशीर्वाद, आणि तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या कोंबड्यांनाही. मी खुशाल आहे. पत्र सूनबाई मेरेरिड लिहून घेते आहे, म्हणून जेवण उत्तम असतं असं सांगते.

इथे मेंढ्या व्यायला लागल्यात आणि कोल्हा कोकरं पळवतो आहे. म्हणून माझा इद्वाल रात्री बंदूक आणि झोताचा दिवा घेऊन माळावर जातो. हाताच्या पाठीला ओठ लावून जखमी सशासारखा ओरडतो, की कोल्हा जवळ येतो. ही विद्या त्याच्या बापाची, आमच्या एमरिसची. आवाज हुबेहूब तोच, मधला दमही तसाच.

परवा तो ऐकला आणि मी उठून चालू लागले. एमरिस कधीच गेले, हे कुंपण ओलांडेपर्यंत मला आठवलंच नाही. झोतात माझा चष्मा चमकला.

"नुसते डोळे बघून गोळी घालायची नाही, असं बाबांनी शिकवलं म्हणून वाचलीस, आई," इद्वाल म्हणाला.

"इतकी म्हातारी कोल्हीण मारून तुला काय मिळालं असतं रे?"

तो हसला नाही. घर येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

काल तो गेलाच नाही. माझ्यासमोर चहा पीत बसला होता. त्याचे ओठ कपाला होते, आणि बाहेर माळावरून तीच हाक आली.

तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? मेरेरिडला सांगितलंय, मागच्या दाराची किल्ली लपव, आणि मी कितीही गोड बोलून विचारलं तरी कुठे ते सांगू नकोस.

तुझीच,
ग्वेनो. खालची फुली माझ्या हातची.