कोकमाची पुडी

रविवार, १४ जानेवारी. गुडगाव.

रोल धुवून आला. सोसायटीत सगळ्यांना कोकणकिनाऱ्याचे फोटो दाखवले. एकटाच खाड्या, कातळाचे सडे, वाळूच्या निर्मनुष्य पुळणी तुडवत गेलो म्हणून वाहवा झाली. कोकमाच्या पुडीबद्दल मात्र बोललो नाही.

त्या दिवशी सकाळपासून माणूस दिसलं नव्हतं. मग टेकाडाआड एकच घर, अंगणात म्हातारी. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "माताजी, पानी मिलेगा?" दिल्लीची सवय, घराबाहेर पडलं की हिंदी. तिने पाण्याबरोबर गुळाचा खडाही दिला. "किधर से?" "दिल्ली से." केवढा उजळला तिचा चेहरा! सुनेला म्हणाली, "अगो, आपला बाळू दिल्लीच्याच छावणीत ना! हा कोकमं नेईल का त्याला? पण ह्याला हिंदीत सांगायचं कसं?" सुनेने पुडी बांधलीसुद्धा.

मला सगळं कळत होतं. मावशी, मी मराठीच, एवढंच म्हणायचं होतं. पण आता बोललो तर इतका वेळ मजा बघत होतो असं वाटेल, म्हणून गप्प. काय हा मूर्खपणा! ती पुडी पुढे करून सांगत राहिली, "मेरा बेटा, मिल्ट्री, दिल्ली." मी न कळल्यासारखा हसलो. "नहीं माताजी, बस पानी." आणि निघालो.

मागून ऐकू आलं, "जाऊ दे गो. परका आहे बिचारा."

उद्या ऑफिस. आमची बस रोज छावणीच्या फाटकासमोर सिग्नलला थांबते. उद्यापासून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसेन.