एकशे सतराची पिल्लं

६ जानेवारी
सकाळी विट्याहून निघाले, साताऱ्यात एसटी बदलली आणि तीनच्या आत खंडाळ्याला पोचले. पोल्ट्री फार्मची जीप न्यायला आली होती. जागा वाटली होती त्यापेक्षा चांगली आहे. माळावर चार लांब शेड, एक प्रयोगशाळा आणि मागे आमच्या खोल्या. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. आईचा फोटो टेबलावर ठेवला, वंदना म्हटली.

शेड भाऊसो सांभाळतात. आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांची बायको बयाबाई उबवणीच्या खोलीत असते. मला बघून तिने नवऱ्याला सांगितलं की ही बाई अंगानं धट हाय, पिंजरं उचलायच्या कामाची. भाऊसो म्हणाले, तुज्यापरीस बरी. त्यावर ती म्हणाली, मग आजपासनं हिच्याच हातचा च्या पी. मी हसले. आई जाऊन दोन महिने झाले, त्यानंतर आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

८ जानेवारी
सोनम मॅडमनी काम समजावलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, माझ्याहून लहान, पण बोलणं स्पष्ट. तीनशे नर, प्रत्येकाला वेगळा पिंजरा. सकाळी खाद्य मोजून घालायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं, आठवड्याला पक्ष्याचं वजन घ्यायचं. एकवीस दिवस. कमी खाऊन जास्त वाढणारा कोण, ते यातून कळतं. पंखाखालच्या शिरेतून रक्त घेऊन त्याच्या जनुकांत वेगळी खूण सापडते का ते त्या बघतात. खूण सापडली की पुढच्या पिढीत नुसतं रक्त तपासून पिल्लू निवडता येतं. लिहिण्यात चूक नको, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, नोंदी ठेवायची मला सवय आहे. आईच्या ठेवल्या होत्या.

१३ जानेवारी
११७ नंबरचा पक्षी दुपारी दोन वाजता जाळीतून मान बाहेर काढून उभा राहतो. त्याचा डबा अर्धा भरलेला असतो. तरी तो माझ्या हाताकडे बघतो, चोच उघडतो आणि आवाज करत नाही. डावी पापणी पूर्ण मिटत नाही. लकवा मारल्यावर आईचीही डावी पापणी मिटत नव्हती. भाऊसोंना दाखवलं तर म्हणाले, आवं बाई, नंबराकडं बगा, तोंडाकडं बगू नगा. तोंडाकडं बगितलं की कापताना हात धजत न्हाई, मेंढरात आमचं त्येच होतं.

१४ जानेवारी
आज त्याला मूठभर खाद्य हातावर दिलं. तीस ग्रॅम असेल. त्याने सगळं खाल्लं. वहीत लिहायचं राहिलं.

२० जानेवारी
रोज देते आहे. लिहीत नाही. लिहिलं तर नियम का मोडला ते सांगावं लागेल.

बयाबाईने आज विचारलं, आईच्या दहाव्याला कावळा शिवला का. मी सांगितलं, आम्ही बौद्ध, आमच्यात पिंड ठेवत नाहीत. भन्तेजी येऊन सूत्रपठण करतात. तिने मान हलवली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, मग गेलेल्याचं पोट भरलं का न्हाई, कसं कळतं वं?

४ फेब्रुवारी
निकाल लागला. ११७ पहिला. इतरांपेक्षा किती तरी कमी खाऊन सगळ्यांत जास्त वाढलेला, असं वही सांगते. सोनम मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. त्याच्या रक्तात त्यांना इतरांत नसलेली एक खूण दिसली आहे. एका पक्ष्यावरून काही ठरत नाही, म्हणून त्याला ठेवून त्याची पिल्लं काढणार. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळ्यांत खादाड पक्षी माझ्यामुळे सगळ्यांत काटकसरी ठरला. पेढा खाल्ला.

१९ ऑगस्ट
बरेच महिने लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. एकशे सतराची पहिली पिल्लं निघाली. त्यांतल्या चोवीस पिल्लांत ती खूण आहे. तपासणी न करताही मला ती ओळखता आली. चोवीस जणांची डावी पापणी मिटत नाही. ती मी एकटीनेच सांभाळायची, असं मॅडमनी सांगितलं, कारण माझ्या नोंदी चोख असतात.

२ सप्टेंबर
दुपारी दोनला चोवीसही पिल्लं खाणं थांबवतात आणि माझ्याकडे बघतात. चोची उघड्या. आवाज नाही. यावेळी मी एक दाणाही वरचा दिलेला नाही. तरी आकडे बापासारखेच. खातात कमी, वाढतात जास्त. मी तीन वेळा काटा तपासला. काटा बरोबर आहे.

मग ती वाढतात कशावर?

९ सप्टेंबर
भाऊसो म्हणाले, बाई, लय वाळलायसा, धड खाताय न्हवं? जेवण नीट जातं. दोन भाकरी, भाजी, भात. तरी साडीला पिना लावाव्या लागतात.

पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. आले तेव्हा छप्पन्न किलो होते, पिल्लं निघाली त्या आठवड्यातही तेवढीच. आज एक्कावन्न किलो सातशे पन्नास. सव्वाचार किलो कमी.

मग पिल्लांची वही काढली. खाल्लेल्या खाद्याच्या मानाने ती जेवढी वाढायला हवीत त्यापेक्षा चोवीस जणांचं मिळून किती जास्त भरतं, ते काढलं.

सव्वाचार किलो.

१६ सप्टेंबर
सोनम मॅडम सध्या पुण्याला असतात. त्यांना फोन केला. फक्त माझ्या वजनाचं सांगितलं. त्यांनी काळजीने डॉक्टरचा नंबर दिला, सुट्टी घ्या म्हणाल्या. एकशे सतराला दिलेलं वहीत लिहिलं नाही, ते सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण त्यांनी विचारलं असतं, का केलंत? आणि मग आईपर्यंत जावं लागलं असतं.

इथे तरी लिहिते. आईला नळीतून खाणं होतं. दर दोन तासांनी दोनशे मिली, आणि तक्त्यात नोंद. तिला बोलता येत नव्हतं. शेवटचे नऊ दिवस दुपारी दोनचं खाणं मी दिलं नाही, आणि तक्त्यात दिलं म्हणून लिहिलं. डॉक्टर तक्ता बघून म्हणायचे, खाणं व्यवस्थित आहे, तरी का खंगतायत कळत नाही. पहिल्या दिवशी मला झोप लागली होती. बाकीचे आठ दिवस मी जागी होते.

तेव्हा न दिलेलं लिहिलं. आता दिलेलं लिहिलं नाही.

२५ सप्टेंबर
सत्तेचाळीस. एकशे सतराची पुढची सहाशे पिल्लं उबवणीच्या यंत्रात आहेत. निघाली की लगेच विट्याकडच्या अकरा शेडांत जाणार. तिथे शेडमध्ये बायकाच राबतात. मला त्यांतल्या काही जणी तोंडओळखीच्या आहेत.

माझ्यापुरतं असतं तर मी गप्प राहिले असते. माझं घेतायत ते ठीकच आहे —

४ ऑक्टोबर
एक्केचाळीस. डॉक्टरांना काही सापडत नाही. तपासण्या चांगल्या आहेत म्हणे.

उद्या मॅडमना सांगेन.

७ ऑक्टोबर
सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर
सहाशे निघाली. बयाबाई दोन दिवस त्यांच्यातच आहे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. भाऊसो थट्टा करतात, या वयात आता नवरी व्हतीस का काय. ती हसते. तिला दुपारी दोनला चक्कर येते, म्हणाली. उपास नसून उपाशी असल्यासारखं —

१० ऑक्टोबर
छत्तीस. फोन लावला. मॅडमनी उचलला. माझा आवाजच निघाला नाही. त्या हॅलो हॅलो म्हणत राहिल्या. मी चोच — तोंड नुसतं उघडून होते.

११ ऑक्टोबर
गाडी आली. पावणेदोन. मी शेडच्या दारात खुर्चीवर. उठता येत नाही.

बयाबाई पेट्या उचलतेय. चौथी. पाचवी.

भाऊसोंना हाक मारते. निघत नाही आवाज. त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही.

सहावी घेऊन ती खाली बसली. भाऊसो म्हणतायत, ऊठ गं, येवढ्यात दमलीस व्हय. ती उठत नाही. हसतही नाही.

पेट्यांमधली चिवचिव थांबली. दोन.

मोठ्या अक्षरात लिहून वही वर धरते. ते बघतील. बघायलाच हवं —

भाऊसो पेट्या उतरवा
बयाबाईला लांब न्या
खाद्याची वही खोटी आहे. एकशे सतराला मी रोज माझ्या हाताने