अ तुकडीतलं एक नाव

आबा,

ज्या शाळेत तुम्ही मला घातलंत, तिथेच मी शिकवायला लागले, एवढं तुम्ही पाहून गेलात. त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक नाही. आता मी तिथे कोऑर्डिनेटर आहे. कुठल्या वर्गानं काय शिकायचं हे ठरवताना माझाही शब्द विचारतात. नव्या वर्षापासून नववीत जे बदल होताहेत, त्यातल्या एकाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. दोन नवे विषय येताहेत. एक कोडिंग, म्हणजे कॉम्प्युटरला कामं कशी सांगायची ते. दुसरा यंत्रकाम. मोटर खोलायची, गिअर बसवायचे, मापं घ्यायची. ट्रस्टींनी मांडलं की मार्कांनी वरच्या अ तुकडीला कोडिंग द्यावं आणि क तुकडीला यंत्रकाम. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मीही गप्प बसले, कारण मला एकदम मसाटचं तुमच्या धाग्याच्या कंपनीचं फाटक दिसायला लागलं होतं.

मी पाचवीत असेन. आईला ताप होता, म्हणून तुमचा डबा घेऊन मी एकटीच चाळीतून चालत निघाले होते. वॉचमननं आत निरोप धाडला आणि तुम्ही बाहेर आलात. केसांवर, भुवयांवर धाग्याचे पांढरे तंतू. मी हसणार, एवढ्यात तुम्ही डबा ओढून घेतलात आणि इथे परत यायचं नाही म्हणून आपल्या अहिराणीत ओरडलात, "आठे परत येवानं नही! जाय, घर जाय." मशीनच्या आवाजानं तुम्हाला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे तुम्ही घरातही मोठ्यानंच बोलायचात, पण त्या दिवशीचा आवाज वेगळा होता. मी रडत घरी आले. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटली. संध्याकाळी तुम्ही नवीन इस्त्री घेऊन आलात. ओट्यावर चादर अंथरून, हातानं पाणी शिंपडून माझा युनिफॉर्म कडक केलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मोठ्या शाळेतल्या पोरींसारखं दिसायला पाहिजे." त्यानंतर दहावीपर्यंत तो युनिफॉर्म तुम्हीच इस्त्री केलात, शिफ्ट कुठलीही असो. फाटकाचा विषय आपल्यात पुन्हा कधी निघाला नाही.

मग पालकसभा झाली. क तुकडीच्या पालकांना नवा विषय मलाच समजावून सांगायचा होता. पालक निरनिराळ्या राज्यांतले, म्हणून मी हिंदीत सांगत होते, पुढे किती उपयोग होईल वगैरे. मागच्या बाकावरून एक जण उठले. सायली गावातल्या प्लास्टिक कंपनीत ऑपरेटर आहेत, आपल्याच शिरपूरकडचे. माझं मराठी आडनाव पाहून ते मराठीतच बोलले. "मॅडम, आमी बारा बारा तास मशीनपुढे उभे राहतो. पोरीनंबी तिथंच उभं राहावं म्हनून हिला प्रायव्हेट शाळेत घातली का?" त्यांची मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. मी काहीतरी उत्तर दिलं, पण माझं मलाच ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टींच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, विषय चांगला आहे, पण तो शिक्षा म्हणून देऊ नका. दोन्ही विषय सगळ्या तुकड्यांना खुले ठेवा, ज्याला जे हवं ते घेऊ दे. माणूस वाईट नाही, आबा. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, अ तुकडीतून यंत्रकाम कोण घेणार? एक नाव आणून द्या. एक जरी आलं तरी सगळ्यांना खुलं करतो." मी हो म्हणून बाहेर आले. अ तुकडीतल्या चार-पाच पालकांना फोन केले. सगळे गोड बोलले आणि कुणीच तयार झालं नाही.

तुमची नात अ तुकडीत आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिनं माझे फोन ऐकले होते. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशी येऊन म्हणाली, "मम्मी, मी घेते ना मशीनवाला सब्जेक्ट. कोडिंग तर मी घरी पण करते. ते खोलून बघायला किती मजा येईल!"

"नाही," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की तीही दचकली आणि मीही.

"का पण?"

"नाही म्हटलं ना."

"मग क तुकडीवाल्यांना कसं चालतं?"

तव्यावरची पोळी करपली. फाटकात तुम्ही का ओरडलात हे मला खूप वर्षांपूर्वीच कळलं होतं, असं मी समजत होते. ते पूर्ण कळलं त्या वेळी, लाटणं हातात धरून उभी असताना. तुम्हाला माझी लाज नव्हती वाटली, आबा. भीती वाटली होती.

सकाळी मी ट्रस्टींना तुमच्या नातीचं नाव दिलं. ते थोडे हसले, मग शब्दाला जागले. आता दोन्ही विषय सगळ्यांना खुले आहेत. अ तुकडीतून अजून दोन मुलं आली. प्लास्टिक कंपनीतले ते पालक मुलीसाठी कोडिंग निवडायला आले, तेव्हा मी एका शब्दानंही त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमची पोरगी काय घेनार मॅडम?" मी सांगितलं. माझे वडीलही ऑपरेटर होते, हेही सांगितलं. ते दारात थांबले. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमाला परवडतं, मॅडम."

तुम्ही त्यांना काय म्हणाला असतात, आबा? हे लिहिलेलं मी कुणालाच दाखवणार नाही, तुमच्या नातीला तर नाहीच. ती आतापासूनच घरातला पंखा खोलायच्या गोष्टी करते आहे, आणि शाळेत सगळे मला म्हणतात, मॅडम, तुम्ही करून दाखवलंत. पण तिच्या निवडीवर सही करण्याआधी मी नियम नीट वाचून घेतला, सहामाहीनंतर विषय बदलता येतो की नाही. बदलता येतो. ते वाचलं आणि मगच सही केली.