गारवा आमचा, वाफ काशीची

जुहूगाव, वाशी
१२ एप्रिल २०२५

चि. रंजितास, आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले असते, पन तुझी आई स्पीकर लावते आनि अख्खी आळी ऐकते. म्हनून लिवते. साक्षरता वर्गातली अक्षरं हायत, हसू नको.

तू नाशिकला बसून निवडलेला एसी लागला. पाच तारे हायत, मोजले. खोली गार होते, खोटं कशाला बोलू? पन आतली गरम वाफ कुठं जाते, ते तुला कोनी शिकवलं का? त्या मेल्या मेकॅनिकनं बाहेरचा डबा आमच्या नि काशीच्या घरांमधल्या बोळात ठोकला, बरोबर तिच्या चुलीच्या खिडकीसमोर. बोळ केवढा? हात लांब केला की तिच्या कढईत जातो. लग्न होऊन आलो तेव्हापासून आमी दोघी जावा त्याच खिडक्यांतून कालवन देतो-घेतो, आनि शिव्यापन. आता तिनं खिडकी लावून घेतलीय. काल खाडीतल्या निवट्यांचं कालवन धरून उभी राहिले, तर आतून म्हनाली की तुमचा उकाडा तुमच्या घरात ठेवा आनि कालवनही. वाटी परत आनली गं मी!

तो डबा हलव. बाकी खुशाल असशील तर बरं, नसशील तर कळव.

तुझी आजी,
पुतळा


नाशिक
१७ एप्रिल

ती. आजीस, सा. न. वि. वि.

मेकॅनिकला शिव्या देऊ नकोस. डबा सावलीत लाव, पाइप आखूड ठेव, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्यानं वीज कमी लागते. गच्चीवर ऊन, शिवाय पाइप लांबणार. आठवडाभर वाचून निवडलाय गं. आणि आई म्हणते, तू एसी लावून दार सताड उघडं ठेवतेस! मग ताऱ्यांनी काय करायचं? काशीआजीचा राग चार दिवसांचा. तू समजूत काढ, तुझं ऐकते ती.

लोभ आहेच, थोडा धीरही असू दे.

तुझी,
रंजिता


जुहूगाव
२२ एप्रिल

चि. रंजितास, आशीर्वाद, पन कमी.

आपल्या गावात भर दिवसा दार लागलं की लोक विचारतात, कोन गेलं? तरी तुझ्यासाठी लावलं. बाजूची गोदा रडत आली.

वीज वाचते म्हनतेस. कोनाची? काशीकडं एक पंखा होता, आता दुसरा लावलाय. आपन वाचवली ती तिनं जाळली. त्या पाच ताऱ्यांत काशीचा एक तरी हाय का? समजूत म्हने! तुझ्या तोंडावर कोनी दिवसभर भट्टी फुंकली तर समजूत काढून घेशील?

मी काशीच्या चुलीपाशी बसून लिवतेय. दार उघडत नव्हती, मागनं शिरले. तुझ्या आईला सांगितलंय, एसी चालूच ठेव, वाफ माझ्याच अंगावर येऊ दे. काशी म्हनते निघ. डबा हलेल तेव्हा हलेन.

लोभ ठेवायचा तर ठेव, नायतर राहू दे.

पुतळा


नाशिक
२६ एप्रिल

ती. आजीस, सा. न.

आईनं फोनवर सांगितलं की तू झोपायलाही घरी येत नाहीस. हरले. येत्या शनिवारी येतेय. डबा गच्चीवर नेऊ, वर पत्र्याची सावली करू. वीज थोडी जास्त लागेल, लागू दे. मी तुझ्या खोलीचं माप घेतलं होतं, बोळाचं नाही.

पोहोचेपर्यंत पाणी पीत जा, दोघींनीही.

रंजिता


जुहूगाव
१२ मे

चि. रंजितास, आशीर्वाद, पूर्न.

तू गेलीस त्याच सांजेला काशीनं खिडकी उघडली. आधी मला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या, मग वाटी पुढं केली. कालवन खारट होतं. सगळं खाल्लं.

पन आता ऐक. ती रोज दुपारी माझ्या खोलीत येते, माझ्याच पलंगावर पसरते, मशीन चोवीसवर असलं तरी थंडी वाजते म्हनून माझी गोधडी ओढते आनि घोरते. आवाज त्या डब्याचा नव्हता एवढा. उठवलं तर म्हनते, दार लाव, गारवा जातोय.

तुझा लोभ असाच राहो. पुढच्या खेपेला एक गोधडी आन.

तुझी आजी,
पुतळा